तळघर नसलेलं घर

लाँग आयलंडवर घर शोधणाऱ्या आपल्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो : बेसमेंट आहे का? लेव्हिटटाउनमधल्या जुन्या घराविषयी विचारलंत, तर उत्तर बहुधा ‘नाही’ असंच येईल. त्या ‘नाही’साठी १९४७ साली चांगलंच रण माजलं होतं.

मुळात थंड प्रदेशात तळघर आलं कसं? जमिनीतलं पाणी गोठलं की माती फुगते आणि वरचं बांधकाम उचलते. म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. लाँग आयलंडवर सुमारे तीन फूट. एवढं खणायचंच, तर आणखी थोडं खणून एक मजला का मिळवू नये, असा सरळ हिशेब. शिवाय कोळशाची भट्टी आणि कोळसा ठेवायला जागा लागे. पुढे तेलावर चालणारे आटोपशीर बर्नर आले. हेम्पस्टेड टाउनच्या बांधकाम नियमांत मात्र तळघराची सक्ती तशीच राहिली.

दुसऱ्या महायुद्धाहून लाखो सैनिक परतले, तेव्हा राहायला घरं नव्हती. लग्न झालेली जोडपी आईवडिलांच्या घरात एखाद्या खोलीत दिवस काढत होती. अशा वेळी, मे १९४७ मध्ये, लेव्हिट अँड सन्स या कंपनीने बटाट्याच्या शेतांवर २,००० घरं बांधून भाड्याने देण्याचा बेत जाहीर केला. घरं उभी राहणार होती जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या स्लॅबवर. (आपल्याकडे स्लॅब टाकतात तो डोक्यावर, इथे तो पायाखाली.) नियम आडवा आला. ‘न्यूजडे’ या स्थानिक दैनिकाने लेव्हिटची बाजू उचलून धरली, माजी सैनिकांनी सुनावणीला तोबा गर्दी केली आणि त्याच महिन्यात टाउन बोर्डाने नियम बदलला. १ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिली कुटुंबं राहायला आली. १९५१ पर्यंत १७,४४७ घरं झाली. मला विचाराल तर बोर्डाने योग्यच केलं. ज्या कारणासाठी नियम होता ते कारणच उरलं नव्हतं.

पण तळघर गाळलं म्हणून जमिनीचं देणं चुकत नाही. आजचे नियम पाहा. कडेचा पाया गोठणाऱ्या थराखाली न्यायचा, नाहीतर कडेने उष्णतारोधक थर घालून थंडी अडवायची. वरची माती आणि मुळं काढून जमीन चोपून घट्ट करायची. तिच्यावर साधारण चार इंच खडी, म्हणजे खालची ओल वर चढत नाही. खडीवर जाड प्लास्टिकचा कागद, म्हणजे वाफही अडते. मग किमान साडेतीन इंच काँक्रीट. सांडपाण्याचे पाइप त्याआधीच जागेवर हवेत. माझ्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात चूक राहिली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती पाठवता येते. इथे काँक्रीट एकदा घट्ट झालं की छिन्नी-हातोडा घेऊन बसा.

याच घरांच्या भाडेकरारात आणखी एक अट होती : घरकामाचे नोकर सोडून, कॉकेशियन वंशाबाहेरच्या कुणालाही तिथे राहू द्यायचं नाही. असे निर्बंध न्यायालयांमार्फत लागू करता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. कलम गेलं, तरी कृष्णवर्णीयांना घर न देण्याचं कंपनीचं धोरण चालूच राहिलं. त्या गर्दीत न दिसणारे कृष्णवर्णीय सैनिकही त्याच युद्धावरून परतले होते. घरांच्या व्यवहारात वंशभेदाला बंदी करणारा केंद्रीय कायदा यायला १९६८ साल उजाडलं. तळघराचा नियम मात्र महिन्याभरात बदलला होता, हे मला फार बोचतं.

राहिली ऊब. लेव्हिटने स्लॅबमध्येच तांब्याच्या नळ्या पुरून त्यांतून गरम पाणी खेळवलं. फ्रँक लॉइड राइट या वास्तुशिल्पकाराने विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथल्या जेकब्स घरात १९३७ मध्येच जमीन तापवण्याची युक्ती वापरली होती. ऐन हिवाळ्यात अनवाणी चालता येई. पण वर्षं गेली तशा नळ्या गळू लागल्या. गळती शोधायची तर जमीन फोडावी लागे, म्हणून कित्येक मालकांनी त्या नळ्या बंद केल्या आणि भिंतीलगत नवे हीटर बसवले. तिथलं घर बघायला गेलात, तर हे जरूर विचारा.