पालकाप्याचा कळप

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात गजशास्त्राची सचित्र हस्तलिखिते आहेत. या संग्रहाला वैभव आणले ते भोसले घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८–१८३२). गजशास्त्र म्हटले की राजाचा पीलखाना आठवतो; त्याची जन्मकथा मात्र रानातली आहे. हत्ती पिके तुडवतात म्हणून अंगदेशाच्या रोमपाद राजाने कळप धरून आणला. त्या कळपातच राहणारा पालकाप्य मुनी हत्तींच्या मागोमाग चंपानगरीत आला आणि मुकाट्याने त्यांच्या जखमांना औषध लावू लागला. राजाने विनवल्यावर तो बोलला. ते बोलणे म्हणजे हे शास्त्र.

१९८०च्या दशकात रामन सुकुमार सत्यमंगलमच्या परिसरात हत्तींमागे फिरले, तेव्हाही प्रश्न पिकांचाच होता. शेतात माद्यांपेक्षा प्रौढ नर जास्त शिरतात, असे त्यांना आढळले. हे रानात राहूनच कळते.

रोमपादाने हत्ती आधी धरले, प्रश्न मग विचारला. अनोळखी मजकुराचे भाषांतर करताना माझ्याकडूनही पुष्कळदा हेच होते. पण माझी चूक पुढच्या आवृत्तीत सुधारता येते. आशियाई हत्ती आज संकटग्रस्त आहे. त्याची दुसरी आवृत्ती निघायची नाही.