'लाँगव्ह्यू' (१९९४) : एका गीताचे यश आणि गिलमन स्ट्रीटचा नियम

लोकप्रिय संगीताच्या इतिहासात यशाची कथा सहसा दोनच रीतींनी सांगितली जाते. पहिल्या रीतीत गुणी पण दुर्लक्षित कलावंताला एके दिवशी मोठी संस्था हेरते आणि त्याचे भाग्य उजळते. दुसऱ्या रीतीत तोच कलावंत आपल्या माणसांना सोडून धनिकांच्या दाराशी जातो. 'ग्रीन डे' या कॅलिफोर्नियातील त्रिकुटाचे पहिले मोठे यश म्हणजे १९९४ सालचे 'लाँगव्ह्यू' हे गीत होय. त्याच्याविषयी या दोन्ही कथा विपुल लिहिल्या गेल्या आहेत. मात्र दोहोंच्या मध्ये एक संस्था उभी आहे आणि तिच्याकडे कथाकारांचे फारसे लक्ष जात नाही. ती संस्था, हे गीत आणि त्याची दृश्यफीत यांचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडील बर्कले या विद्यापीठनगरीत, ९२४ गिलमन स्ट्रीट या पत्त्यावरील एका गोदामवजा इमारतीत १९८६ च्या अखेरीस, ३१ डिसेंबर रोजी, एक संगीतस्थळ सुरू झाले. 'मॅक्झिमम रॉक अँड रोल' या पंक नियतकालिकाचे संस्थापक टिम योहॅनन यांचा त्यामागे पुढाकार होता. येथे मद्य विकले जात नसे, त्यामुळे अल्पवयीन मुलामुलींनाही प्रवेश मिळे. मद्य, अमली पदार्थ, हिंसा, वंशद्वेष, स्त्रीद्वेष व समलैंगिकद्वेष यांना मज्जाव होता. कामकाज स्वयंसेवक पाहत आणि निर्णय सभासदांच्या सभेत होत. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांशी करारबद्ध असलेल्या बॅण्डना या रंगमंचावर स्थान नाही, हा नियमही त्यातच होता. एरवी पंक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अराजक येते. येथे मात्र सभा, ठराव, नियम आणि झाडलोटीच्या पाळ्या होत्या. आपल्याकडील एखादे जुने सार्वजनिक वाचनालय किंवा सहकारी संस्था जवळून पाहिलेल्या वाचकाला या कारभाराची कल्पना सहज येईल.

बिली जो आर्मस्ट्राँग आणि माइक डर्न्ट हे दोघे तेथून काही मैल उत्तरेस असलेल्या रोडिओ या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या गावचे. आर्मस्ट्राँगचे वडील ट्रक चालवीत आणि जाझही वाजवीत. १९८२ मध्ये, मुलगा दहा वर्षांचा असताना, त्यांचे कर्करोगाने निधन झाले. आई उपाहारगृहात वाढप्याचे काम करी. या दोन मित्रांनी १९८७ मध्ये 'स्वीट चिल्ड्रन' या नावाने बॅण्ड सुरू केला. तो गिलमनच्या परिसरात वाढला आणि लॅरी लिव्हरमोर यांच्या 'लुकआऊट' या छोट्या कंपनीने 'ग्रीन डे' या नव्या नावाने त्याची ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध केली. १९९० मध्ये ट्रे कूल हा तालवादक दाखल झाला. तोही लिव्हरमोर यांच्याच 'द लुकआऊट्स' या बॅण्डमधून आलेला. म्हणजे वादक, प्रकाशक, श्रोते आणि सभागृह अशी सारी साखळी एका लहानशा भूभागात पूर्ण झालेली होती. १९९३ मध्ये बॅण्डने वॉर्नर समूहातील 'रिप्राइज' या कंपनीशी करार केला तेव्हा ही साखळी तुटली आणि गिलमनचा दरवाजा नियमानुसार त्यांना बंद झाला.

करारानंतरचा 'डूकी' हा अल्बम रॉब कॅव्हालो या निर्मात्याच्या देखरेखीखाली तयार झाला आणि १ फेब्रुवारी १९९४ रोजी प्रसिद्ध झाला. त्याचे ध्वनिमुद्रण बर्कलेतीलच फँटसी स्टुडिओत झाले. मुखपृष्ठही रिची बुकर या स्थानिक पंक वर्तुळातील चित्रकाराने काढले असून, त्यात बर्कलेच्या टेलिग्राफ अॅव्हेन्यूवर बॉम्बवर्षाव होताना दिसतो. कंपनी बदलली तरी गाव बदलले नव्हते.

'लाँगव्ह्यू' हे या अल्बममधून पुढे आणलेले पहिले गीत. गंमत अशी की हा शब्द गीतात कोठेही येत नाही. वॉशिंग्टन राज्यातील लाँगव्ह्यू या गावी ते प्रथम जाहीरपणे वाजविले गेले म्हणून त्याला हे नाव मिळाले. रॉबर्ट लाँग या लाकूड-उद्योगपतीने १९२० च्या दशकात आपल्या गिरण्यांच्या कामगारांसाठी आखीवरेखीव रस्ते आणि उद्याने यांसह हे नगर वसविले होते. नाव योगायोगानेच पडले, त्यातून फार अर्थ काढू नये. तरीही उद्योगाने वसविलेल्या गावाचे नाव मिरविणारे हे गीत कामच नसलेल्या तरुणाचे आहे, ही विसंगती लक्षात राहते.

गीताचा विषय सांगायला दोन वाक्ये पुरतात. एक तरुण घरात बसून आहे. दूरचित्रवाणीवर पाहण्याजोगे काही नाही, बाहेर जाण्याची इच्छा नाही, एकांतातील शरीरसुखाचाही त्याला वीट आला आहे. आई नोकरी शोधायला सांगते, पण तिला स्वतःची नोकरी कोठे आवडते? हा शेवटचा तपशील मला साऱ्या गीतात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आळशी मुलगा आणि कष्टाळू आई अशी नीतिकथा येथे सहज रचता आली असती. तसे न करता आईचे कष्टही निरर्थक असू शकतात, हे गीत हळूच सांगून जाते. ज्या घरात वडील गेलेले आहेत आणि आई परक्यांची ताटे उचलते, त्या घरातून आलेल्या विशीतल्या तरुणाने हे लिहिले आहे. अमेरिकेत १९९०-९१ ची मंदी कागदोपत्री संपल्यानंतरही बेरोजगारी वाढतच गेली आणि १९९२ च्या मध्यास ती ७.८ टक्क्यांवर पोहोचली. शीतयुद्ध संपल्याने संरक्षण-उद्योगाची कामे आटली आणि कॅलिफोर्नियाला त्याची झळ अधिक बसली. गीत यातील कशाचाही उल्लेख करीत नाही. परंतु कंटाळ्यालाही काळ आणि वर्ग असतो. श्रीमंताघरच्या मुलाचा कंटाळा वेगळा आणि हा वेगळा.

रचनेच्या अंगानेही गीत आशयाशी एकनिष्ठ आहे. कडव्यांत गिटार जवळजवळ गप्पच असते. डर्न्टचा बास झुलत्या, आळसावलेल्या लयीत फिरत राहतो आणि त्याच्या सोबतीला ड्रम. ध्रुवपद आले की गिटार एकदम आदळते आणि पुन्हा सारे निवळते. पाय हलवीत बसलेला माणूस उठतो, काहीतरी आपटतो आणि पुन्हा बसतो, तसेच हे आहे. बासची ही धून एल.एस.डी.च्या अमलाखाली सुचली, असे बॅण्डने स्वतःच सांगितले आहे. गिलमनच्या नियमावलीत अमली पदार्थांना असलेला मज्जाव येथे आठवल्यावाचून राहत नाही.

आता दृश्यफितीकडे वळू. मार्क कोर यांनी ती दिग्दर्शित केली आणि चित्रीकरण बर्कलेत बॅण्ड ज्या तळघरात राहत असे त्याच जागेत झाले. आर्मस्ट्राँग एका जुनाट कोचावर बसून दूरचित्रवाणी पाहतो आहे, साथीदार आसपास आहेत, मध्येच एक माकडही दिसते. अखेरीस तो त्याच कोचावर तुटून पडतो, कोच फाडतो आणि आतले भरण खोलीभर उधळते. कथानक म्हणावे असे एवढेच.

इतिहासाच्या शिक्षकाने अशा फितीकडे कसे पाहावे? राजवाड्यांनी बखरींची कठोर झडती घेतली तेव्हापासून आपण शिकलो आहोत की रचलेले साधन जसेच्या तसे स्वीकारू नये. पुढच्या पिढ्यांनी त्यात भर घातली, की म्हणून ते टाकूनही देऊ नये. दृश्यफीत हे तर विक्रीसाठी रचलेले साधन. तिच्यातला प्रसंग ठरवून घडविलेला आहे, पैसा कंपनीचा आहे. पण घर खरे आहे. मोठ्या कंपनीशी करार झालेला बॅण्ड त्या सुमारास तळघरात राहत होता, हे ती फीत नकळत नोंदवून ठेवते. विश्वासघाताच्या कथेत ज्या संपत्तीचा निर्देश असतो, ती या चौकटीत अजून आलेली नाही.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. १९९१ मधील 'निर्वाणा'च्या गाजलेल्या दृश्यफितीत शाळेच्या व्यायामशाळेतील जमाव होता आणि बंड सामूहिक होते. 'लाँगव्ह्यू'त जमाव नाही. एक माणूस पडद्यासमोर बसला आहे आणि त्याला आपल्यासारखाच कोणीतरी पडद्यासमोर बसून पाहतो आहे. एम.टी.व्ही. वाहिनीवर १९९३ पासून 'बीव्हिस अँड बट-हेड' ही व्यंगचित्रमालिका चालू होती. तिच्यातही कोचावर बसून दृश्यफितींची टवाळी करणारी दोन मुले असत. वाहिनीने स्वतःच्या प्रेक्षकाची अशी थट्टा चालविली असतानाच ही फीत तेथे येऊन पोहोचली. प्रेक्षकाने तिच्यात स्वतःला ओळखले. दूरचित्रवाणीचा कंटाळा दूरचित्रवाणीवरूनच विकला गेला.

येथे व्यापाराचा एक तपशील ध्यानात घ्यावा लागतो. अमेरिकेत 'लाँगव्ह्यू' सुटे गीत म्हणून दुकानांत विक्रीला आलेच नाही. 'बिलबोर्ड'च्या त्या वेळच्या नियमानुसार असे गीत मुख्य शंभरांच्या यादीत येऊ शकत नसे. तो नियम १९९८ च्या अखेरीस बदलला. ते 'मॉडर्न रॉक' या नभोवाणी-प्रसारणावर आधारलेल्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. म्हणजे ज्याला आपण 'हिट सिंगल' म्हणतो ती वस्तू अमेरिकन गिऱ्हाइकाला हातात घेता येत नव्हती. ती ऐकायची नभोवाणीवर, पाहायची एम.टी.व्ही.वर आणि विकत घ्यायची तर अख्खा अल्बम घ्यायचा. या योजनेत दृश्यफितीचे काम केवळ शोभेचे नव्हते. 'डूकी' मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला, १९९५ मध्ये त्याला पर्यायी संगीताचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले आणि १९९९ पर्यंत अमेरिकेत एक कोटी प्रतींचे प्रमाणपत्रही.

कर्ट कोबेनच्या मृत्यूमुळे निर्माण झालेली पोकळी ग्रीन डेने भरून काढली, असे विधान वारंवार वाचावयास मिळते. कालक्रम त्याला पुरता दुजोरा देत नाही. कोबेनचा मृत्यू ५ एप्रिल १९९४ चा. अल्बम त्याच्या दोन महिने आधीचा आणि दृश्यफीतही फेब्रुवारीतच प्रसारित होऊ लागली होती. पुढच्या उन्हाळ्यातील चढत्या लोकप्रियतेला त्या पोकळीचा हातभार लागला असेल. ऑगस्टमधील 'वुडस्टॉक ९४' येथे प्रेक्षकांशी झालेली चिखलफेक तर सर्वत्र दाखविली गेली. परंतु आरंभाचे कारण मृत्यूत शोधणे म्हणजे परिणामाला कारणाच्या जागी बसविणे होय.

उरतो गिलमनचा प्रश्न. जुन्या सहकाऱ्यांचा रोष तीव्र होता. १९९५ च्या 'इन्सोम्नियाक' या पुढच्या अल्बममध्ये 'शहाऐंशी' हा आकडाच शीर्षक असलेले एक गीत आहे. अमेरिकन बोलीत या आकड्याचा अर्थ हाकलून लावणे असा होतो आणि गीताचा रोख याच बहिष्काराकडे आहे. नियम कठोर होता हे खरे, पण मला तो अन्याय्य वाटत नाही. मोठ्या कंपनीच्या बॅण्डला एकदा जागा दिली की गर्दी, तिकिटे, कंपन्यांचे हेरगिरी करणारे प्रतिनिधी आणि भाडे या क्रमाने त्या सभागृहाचे रूप बदलले असते. अनोळखी मुलांनी पहिल्यांदा वाद्य हाती घेऊन चुकतमाकत वाजवावे अशी जागा राखायची, तर यशस्वी झालेल्याला निरोप द्यावाच लागतो. ग्रीन डे हे त्याच जागेचे अपत्य होते आणि म्हणूनच तो निरोप अधिक बोचला.

मात्र पैशाचा प्रवाह कोणत्या दिशेने वाहिला हे पाहिले की विश्वासघाताची कथा डळमळते. 'डूकी' ऐकलेल्या असंख्य श्रोत्यांनी बॅण्डचे आधीचे अल्बम शोधले आणि ते होते लुकआऊटकडे. त्या विक्रीवर ही छोटी कंपनी नव्वदच्या दशकात फोफावली आणि इतर अनेक बॅण्डची ध्वनिमुद्रणे त्या बळावर काढू शकली. लिव्हरमोर १९९७ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. पुढे कारभार विस्कटला, कलावंतांचे मानधन थकले आणि २००५ मध्ये ग्रीन डेने आपल्या जुन्या ध्वनिमुद्रणांचे हक्क काढून घेतले. २०१२ च्या सुमारास लुकआऊट बंद पडली. स्थानिकतेचा झेंडा मिरविणारी संस्था देणेकरी ठरली आणि पळून गेलेला मानला गेलेला बॅण्ड येणेकरी. 'आपली' कंपनी आणि 'परकी' कंपनी यांतील नैतिक सीमारेषा हिशेबाच्या वहीत इतकी सरळ उतरत नाही.

गिलमन मात्र टिकले. मार्च २०१५ मध्ये ओकलंड येथे लागलेल्या आगीत 'एके प्रेस' ही अराजकवादी ग्रंथांची प्रकाशनसंस्था आणि तिच्या शेजारचे मुद्रणालय यांचे नुकसान झाले. त्यांच्या मदतीसाठी १७ मे २०१५ रोजी गिलमन स्ट्रीटवर कार्यक्रम झाला आणि त्यात ग्रीन डेने वाजविले. महिनाभरापूर्वीच बॅण्डला 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळाले होते आणि त्याचा करार अजूनही वॉर्नर समूहाशीच होता.