महासाथीच्या काळातील स्थलांतरितांचे हक्क आणि मदत: अमेरिकेतील मराठी कुटुंबांसाठी संदर्भ

मार्च २०२० मध्ये कोविडची साथ अमेरिकेत पसरली, तेव्हा तेथील परकीय नागरिकांपुढे दुहेरी प्रश्न उभा राहिला. आजाराचे भय सर्वांनाच होते. पण नोकरी गेली तर देशात राहता येईल काय, सरकारी मदत घेतली तर ग्रीनकार्डाचा अर्ज अडेल काय, मायदेशी परतायचे ठरवले तर विमानात प्रवेश मिळेल काय, हे प्रश्न केवळ व्हिसाधारकांचे होते. त्या काळात केलेल्या कायद्यांपैकी बरेचसे आता संपुष्टात आले आहेत. काही हक्क मात्र महासाथीपूर्वीही होते आणि ते त्या काळातच प्रथम अनेकांच्या ध्यानात आले.

अर्थसाहाय्य आणि संयुक्त विवरणपत्राची अडचण

२७ मार्च २०२० रोजी मंजूर झालेल्या केअर्स कायद्यानुसार प्रत्येक प्रौढास १,२०० डॉलर आणि १७ वर्षांखालील प्रत्येक मुलामागे ५०० डॉलर मिळणार होते. संयुक्त उत्पन्न दीड लाख डॉलरपर्यंत असणाऱ्या दांपत्यास ही रक्कम पूर्ण मिळे, त्यापुढे ती घटत जाई. येथे नागरिकत्वाची अट नव्हती. करकायद्याच्या दृष्टीने 'निवासी' ठरलेला एच-१बी व्हिसाधारकही पात्र होता. अट होती ती सोशल सिक्युरिटी क्रमांकाची, आणि तिनेच घोटाळा केला. पती-पत्नी संयुक्त विवरणपत्र भरत असतील आणि त्यांपैकी एकाकडे केवळ आयटीआयएन असेल, तर सैनिकी कुटुंबांचा अपवाद वगळता संपूर्ण कुटुंब अपात्र ठरे. एच-४ व्हिसावरील जोडीदाराला काम करण्याची परवानगी नसेल तर सोशल सिक्युरिटी क्रमांकही नसतो. म्हणजे अमेरिकेत जन्मलेली, नागरिक असलेली दोन मुले असणाऱ्या अशा दांपत्याच्या हातून ३,४०० डॉलर गेले, आणि त्यात मुलांच्या वाट्याचे १,००० डॉलरही होते. त्याच दांपत्याने विवरणपत्रे स्वतंत्र भरली असती तर क्रमांक असलेला जोडीदार आणि मुले पात्र ठरली असती. परंतु संयुक्त विवरणपत्रात कर कमी बसतो, म्हणून बहुतेकांनी तोच मार्ग धरला होता.

ही विसंगती २७ डिसेंबर २०२० च्या कायद्याने बऱ्याच अंशी दूर केली. ६०० डॉलरच्या दुसऱ्या हप्त्यासाठी ज्याच्याकडे क्रमांक आहे तो जोडीदार आणि मुले पात्र ठरली आणि हा नियम पहिल्या हप्त्यालाही पूर्वलक्षी प्रभावाने लागू झाला. ज्यांना तो मिळाला नव्हता त्यांना २०२० च्या विवरणपत्रात 'रिकव्हरी रिबेट क्रेडिट' म्हणून मागता आला. ११ मार्च २०२१ च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅन कायद्याने १,४०० डॉलरचा तिसरा हप्ता देताना आणखी एक पाऊल टाकले: आई-वडील दोघांकडेही आयटीआयएन असला तरी सोशल सिक्युरिटी क्रमांक असलेल्या मुलाचा वाटा मिळू लागला. आयटीआयएन असलेल्या प्रौढास मात्र तिन्ही वेळा काही मिळाले नाही.

संघराज्याने वगळलेल्यांसाठी काही राज्यांनी स्वतःचे निधी उभारले. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२० मध्ये साडेबारा कोटी डॉलरची योजना जाहीर केली. तिच्यातून कागदपत्रे नसलेल्या प्रौढास ५०० आणि एका घरास कमाल १,००० डॉलर मिळत. न्यूयॉर्कने २०२१ मध्ये वगळलेल्या कामगारांसाठी २.१ अब्ज डॉलरचा निधी मंजूर केला. त्यात वरच्या गटाला १५,६०० डॉलरपर्यंत साहाय्य होते. दोन्ही रकमांतील अंतर बोलके आहे.

सरकारी मदतीची भीती

२४ फेब्रुवारी २०२० पासून, म्हणजे साथ पसरण्याच्या ऐन तोंडावर, 'पब्लिक चार्ज' हा कठोर नियम लागू झाला होता. विशिष्ट सरकारी लाभ घेतलेल्यास ग्रीनकार्ड नाकारण्याची तरतूद त्यात होती. व्हिसाची मुदत वाढवू इच्छिणाऱ्यांनाही लाभांविषयी माहिती द्यावी लागे. परिणामी लोक तपासणीसही कचरू लागले. कोविडची तपासणी, उपचार आणि पुढे येणारी लस यांचा या नियमाखाली विचार होणार नाही, असे नागरिकत्व व इमिग्रेशन सेवा विभागाने १३ मार्च रोजी स्पष्ट केले. पण भीती जितक्या वेगाने पसरली तितक्या वेगाने हा खुलासा पसरला नाही. ९ मार्च २०२१ रोजी तो नियम रद्द झाला. त्याआधी १ फेब्रुवारीला गृहसुरक्षा विभागाने लसीकरण सर्वांसाठी खुले असून लसीकरण केंद्रांवर इमिग्रेशनची कारवाई होणार नाही, असे जाहीर केले होते.

तातडीच्या उपचारांचा हक्क याहून जुना आहे. १९८६ च्या कायद्यानुसार मेडिकेअरशी संलग्न रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाने येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करून प्रकृती स्थिर करणे बंधनकारक आहे. व्हिसा किंवा ऐपत यांचा तेथे संबंध नाही. बिल अर्थात नंतर येते. मुलांकडे आलेल्या आणि विमाने थांबल्यामुळे अडकून पडलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत हा मुद्दा महत्त्वाचा ठरला. संघराज्याचा निधी घेणाऱ्या रुग्णालयाने इंग्रजी न येणाऱ्या रुग्णास विनामूल्य दुभाषी उपलब्ध करून द्यावा लागतो. नातेवाइकांना आत प्रवेश नसलेल्या त्या महिन्यांत सत्तरीतल्या मराठी आजीला हा हक्क असल्याचे ठाऊक असणे ही लहान गोष्ट नव्हती.

नोकरी गेल्यानंतरचे साठ दिवस

जानेवारी २०१७ पासूनच्या नियमानुसार एच-१बी धारकाची नोकरी संपल्यावर त्याला कमाल ६० दिवस, किंवा व्हिसामुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच दिवस, देशात राहता येते. २०२० च्या उन्हाळ्यात ही मुदत वाढवण्याची मागणी झाली, पण ती मान्य झाली नाही. विभागाने नोटिसांना उत्तर देण्यासाठी ६० दिवसांची सवलत दिली. अनेकांनी ही सवलत आणि नोकरीनंतरचे साठ दिवस एकच समजून घोटाळा करून घेतला. या काळात नव्या मालकाने अर्ज दाखल केला तर तो दाखल होताच काम सुरू करता येते. तसे न जमल्यास पर्यटक व्हिसात बदलासाठी मुदतीच्या आत अर्ज करून निर्णयाची वाट पाहता येते. या वाटेने काम करण्याचा हक्क मिळत नाही.

मालकाच्या जबाबदाऱ्या कामगारांना क्वचितच सांगितल्या जातात. काम नाही म्हणून एच-१बी कर्मचाऱ्यास बिनपगारी घरी बसवता येत नाही. कर्मचाऱ्याने स्वतः रजा मागितलेली नसेल तर ठरलेले वेतन द्यावेच लागते. तसे न झाल्यास श्रम खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे १२ महिन्यांच्या आत तक्रार करता येते. मुदतीपूर्वी कामावरून काढले तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्चही मालकाकडे असतो, मात्र तो केवळ कर्मचाऱ्याचा, कुटुंबाचा नव्हे. बेरोजगारी भत्ता ही आणखी एक दुखरी बाजू. एका मालकाशी बांधलेला माणूस 'कामासाठी उपलब्ध' मानला जात नसल्याने एच-१बी धारकाचा दावा सामान्यतः फेटाळला जाई, जरी न्यू जर्सीसारख्या राज्यात त्या विम्याची वर्गणी कर्मचाऱ्याच्याही पगारातून कापली जाते.

परत जायचे म्हटले तर आणखी एक पेच होता. भारताने मार्चमध्ये ओसीआय धारकांचा व्हिसाविना प्रवेश स्थगित केला. ७ मे रोजी 'वंदे भारत' उड्डाणे सुरू झाली तेव्हा आई-वडिलांना जागा मिळत होती आणि अमेरिकेत जन्मलेल्या त्यांच्या तान्ह्या मुलाला मिळत नव्हती. २२ मे रोजी गृह मंत्रालयाने भारतीय नागरिकांच्या परदेशात जन्मलेल्या ओसीआयधारक अल्पवयीन मुलांना सूट दिली. कुटुंबातील मृत्यूसारख्या प्रसंगी ओसीआय धारकांनाही याच आदेशाने येऊ दिले.

व्हिसाधारकाचा मृत्यू

सर्वांत कठीण प्रसंग हा. मुख्य व्हिसाधारक गेल्यास एच-४ वरील पत्नीचा वा पतीचा आणि मुलांचा दर्जाही संपतो. मात्र इमिग्रेशन कायद्याच्या कलम २०४(एल) नुसार, मृत्यूसमयी कुटुंब अमेरिकेत राहत असेल आणि पुढेही तेथेच राहत असेल, तर मृताच्या नोकरीवर आधारित ग्रीनकार्डाच्या प्रलंबित वा मंजूर अर्जाचा लाभ त्याच्या कुटुंबीयांना मागता येतो. २००९ पासून हे कलम अस्तित्वात आहे. ते रांगेतील जागा राखते, पण रांग संपेपर्यंत राहण्याचा दर्जा देत नाही. भारतीयांची रांग अनेक वर्षांची असल्याने दरम्यान विद्यार्थी व्हिसा किंवा स्वतःची नोकरी असा दुसरा आधार शोधावा लागतो. त्यासाठी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला पहिल्या काही दिवसांतच घेणे श्रेयस्कर.

मृताने सोशल सिक्युरिटीचा कर भरलेला असतो, हे दुःखात विसरले जाते. अखेरच्या सुमारे तीन वर्षांत सहा तिमाह्यांची नोंद असेल तरी अल्पवयीन मुले आणि त्यांना सांभाळणारा पालक मासिक लाभासाठी अर्ज करू शकतात. याउलट, एप्रिल २०२१ मध्ये 'फेमा'ने सुरू केलेले, प्रत्येक अंत्यविधीमागे ९,००० डॉलरपर्यंतचे साहाय्य नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांसारख्या 'पात्र परकीयां'पुरते होते. मृत व्यक्तीच्या व्हिसाची अट त्यात नव्हती, अर्जदाराची होती. त्यामुळे एच-४ वरील पत्नीचा अर्ज फेटाळला जाई, पण अंत्यविधीचा खर्च ग्रीनकार्डधारक भावाने केला असेल तर तो अर्ज करू शके.

पार्थिव किंवा अस्थी भारतात नेण्यासाठी वाणिज्य दूतावासाची कागदपत्रे लागतात. खर्च झेपत नसेल तर २००९ पासून असलेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून भारतीय पासपोर्टधारकांच्या कुटुंबास साहाय्य मागता येते. अर्ज दूतावासाकडेच करावा लागतो, आणि आर्थिक स्थिती पाहूनच निर्णय होतो. मराठी मंडळांतील ओळखीची माणसे अशा वेळी डबा आणि औषधे पोचवतात. मृत्यूचा दाखला, मंजूर अर्जाची प्रत आणि पगाराच्या पावत्या एकत्र करायला कोणी बसले, तर पुढचे कितीतरी अर्ज त्या एका बैठकीतून मार्गी लागतात.