अंगदुखीच्या पुडीची गोष्ट

लावणीचे दिवस संपले की घरोघरी एकच बोलणं असतं. कंबर धरली, गुडघे बोलायला लागले, रात्रीची झोप नाही. मग कुणीतरी मेडिकलमधून गोळी आणतं, एकीला गुण आला की दुसरीही तीच मागवते. अशीच सवय साठ-सत्तर वर्षांपूर्वी सातासमुद्रापार ऑस्ट्रेलियातल्या बायकांना लागली होती. त्यांचं पुढं काय झालं, ते आज सांगते.

तिथं ‘बेक्स’ नावाची पुडी मिळायची. पांढरी पावडर, पाण्यात ढवळून प्यायची. किराणा दुकानातसुद्धा मिळे, चिठ्ठी लागत नसे. एक कप चहा, एक बेक्स आणि थोडं आडवं पडणं, ही तिथल्या घराघरातली म्हणच झाली. कारखान्यात उभं राहून राबणाऱ्या बाया घेत, दिवसभर घर सांभाळून थकलेल्या घेत. जाहिराती तर बायकांनाच उद्देशून असत. डोकं दुखतंय, घ्या. कंटाळा आलाय, घ्या. त्यांचं काम कमी करावं, असं मात्र एकाही जाहिरातीत नव्हतं!

त्या पुडीत तीन चिजा होत्या. ॲस्पिरिन, फेनासेटिन नावाचं दुसरं वेदनाशामक आणि चहा-कॉफीत असतं ते कॅफीन. कॅफीननं तरतरी येई, आणि पुडी चुकली की त्याच्यावाचून डोकं दुखे. मग त्या डोकेदुखीवर पुन्हा पुडी. दिवसाला चार-सहा पुड्या वर्षानुवर्षं घेणाऱ्या बायका होत्या, आणि आपण औषध खातोय असं त्यांना वाटतही नसे.

मेलबर्नमध्ये डॉ. प्रिसिला किनकेड-स्मिथ या मूत्रपिंडाच्या डॉक्टर होत्या. मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या, लग्नानंतर ऑस्ट्रेलियात आलेल्या. किडन्या निकामी झालेल्या रुग्णांत ऐन चाळिशी-पन्नाशीतल्या बायका इतक्या का, हा प्रश्न त्यांना पडला. बायकांशी बोलल्यावर पुडीचा धागा लागला. पण धागा लागला म्हणजे पुरावा झाला असं नाही. १९६० आणि ७० च्या दशकांत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्ण तपासले, उंदरांवर प्रयोग केले. संशय होता तो मुख्यतः फेनासेटिनवर, पण ॲस्पिरिनही त्यातून सुटलं नाही. मग ही बाई गप्प बसली नाही, विक्रीवर बंधन घाला म्हणून सरकारच्या मागं लागली. अखेर १९७९ मध्ये अशा मिश्र वेदनाशामकांची खुली विक्री थांबली. त्यानंतर या कारणानं किडनी जाण्याचं प्रमाण तिथं उतरत गेलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासात त्यांच्याइतकं उपयोगाचं काम क्वचितच कुणी केलं असेल.

पण दुखणं थांबवणारी गोळी किडनीपर्यंत पोचते कशी? याचं उत्तर लंडनमध्ये १९७१ साली जॉन व्हेन यांनी दिलं. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. जखम झाली, सांधा सुजला की ती वाढतात आणि ठणका लागतो. ॲस्पिरिन ती तयारच होऊ देत नाही, म्हणून सूज आणि ठणका उतरतो. या शोधासाठी व्हेन यांना १९८२ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. मेख अशी, की हीच द्रव्यं जठराच्या आतल्या नाजूक अस्तराची राखण करतात, आणि अंगातलं पाणी कमी झालं की किडनीकडं जाणारा रक्ताचा पाट उघडा ठेवतात. गोळीला ठणका वेगळा आणि राखण वेगळी असं काही कळत नाही. पोटाचं नुकसान तर त्याआधीच दिसलं होतं. १९३८ साली लंडनच्या डॉक्टरांनी पोटात नळी घालून पाहिलं, तेव्हा ॲस्पिरिननं अस्तर लाल झालेलं त्यांना दिसलं.

१९७० च्या दशकात याच जातीचं डायक्लोफिनॅक आलं. आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, असेक्लोफिनॅक ही त्याचीच भावंडं. डायक्लोफिनॅकचा एक पराक्रम आपण गावात पाहिलाय, फक्त नाव ठाऊक नव्हतं. गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की गिधाडं उतरायची, आठवतं? १९९० च्या दशकात हे औषध गुरांच्या दुखण्याला सर्रास दिलं जाऊ लागलं. असं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं बंद पडून ते काही दिवसांत मरे. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून हे कारण उघड झालं. तोवर भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ संपली होती. २००६ मध्ये सरकारनं गुरांसाठी हे औषध बंद केलं. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात, म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनही ३ मिलीच्या एका डोसाच्या कुपीतच विकण्याचा नियम झाला.

घाबरू नका, माणसाची किडनी गिधाडाइतकी हळवी नसते. दोन-चार दिवस, बेतानं, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेतलेली गोळी सांध्याच्या सुजेवर खरोखर चांगलं काम करते. भीती आहे ती बेक्ससारख्या सवयीची. डायक्लोफिनॅकच्या पट्टीवर ‘आरएक्स’ अशी खूण असते, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये.

आता गावात हमखास ऐकू येतं ते. “सुई घेतली की पोटाला त्रास नाही.” तसं नाही. औषध रक्तातूनच काम करतं, त्यामुळे सुईनंही जठराची राखण जाते. “पित्ताची गोळी सोबत घेते ना.” तिनं पोट थोडं वाचतं, किडनी नाही. उपाशीपोटी गोळी घेऊन, पाणी न पिता उन्हात दिवसभर खुरपणं, हे तर किडनीवर दुहेरी ओझं. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकाच जातीचं औषध असतं, म्हणून एका वेळी एकच. ज्यांना रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा किंवा किडनीचा आजार आहे, अल्सर झालेला आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. गरोदरपणात स्वतःहून घ्यायचीच नाही, पाचव्या महिन्यापासून पुढे तर बाळालाही धोका असतो. डेंग्यूची शंका असेल तर या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. निमेसुलाइड हे याच जातीचं औषध १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे. मात्र हृदयासाठी डॉक्टरांनी लावलेली ॲस्पिरिनची लहान गोळी हे ऐकून परस्पर बंद करू नका.

गोळी चालू असताना डांबरासारखी काळी शौचाला झाली, उलटीत रक्त दिसलं, लघवी कमी झाली, पाय किंवा चेहरा सुजला, छातीत दुखलं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. जाताना रिकामी पट्टी बरोबर न्या. कागदाच्या पुडीत सुट्या रंगीत गोळ्या कुणी दिल्या, तर त्यांची नावं तिथंच चिठ्ठीवर लिहून मागून घ्या. वाचता आलं नाही तर आशाताईंना दाखवा.