फातिमा शेख यांचा शोध : हवाला कुठाय?

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. नववीतली एक मुलगी वर्ग सुटल्यावर माझ्या टेबलापाशी थांबली. घरी वडिलांच्या मोबाइलवर तिने बातमी पाहिली होती. म्हणाली, "टीचर, फातिमा शेख सच्ची में थे क्या?"

एका नावाजलेल्या पत्रकाराने त्या दिवसांत जाहीर केलं होतं की फातिमा शेख हे पात्र आपणच रचलं, २००६ च्या आधी हे नाव कुठेच सापडणार नाही. मी मुलीला तडक सांगितलं, "होत्या." तिने साधाच प्रश्न विचारला, "कुठे लिहिलंय?"

मी अडकले. कारण त्याच आठवड्यात मुलींना पाठ करायला दिलेलं भाषण माझं होतं. जन्म ९ जानेवारी १८३१, भाऊ उस्मान शेख, फुले दांपत्याला दिलेला आसरा, मोहल्ल्यात घरोघर फिरून गोळा केलेल्या मुली, असं सगळं त्यात होतं. ते मी इंटरनेटवरच्या एका लेखातून घेतलं होतं. त्या लेखाने कुठून घेतलं, हे पाहिलंच नव्हतं.

आपल्याकडे हदीस ऐकली की आलिम आधी विचारतात, सनद काय? अमुकने कोणाकडून ऐकलं, त्याने कोणाकडून, मधला एखादा दुवा कच्चा तर नाही? सांगणाऱ्यांची चरित्रं तपासायचं 'अस्मा-उर-रिजाल' नावाचं शास्त्रच आपल्या बुजुर्गांनी उभं केलं. एखादी रिवायत कितीही गोड असली तरी सनद कच्ची निघाली की तिला 'जईफ' म्हणायला ते कचरले नाहीत. हे मदरशात शिकवायचं आणि इतिहासाचं भाषण लिहिताना विसरायचं, असं माझं झालं होतं.

मग मी उलट्या पावलांनी निघाले. हातातला लेख कोणाचा हवाला देतो ते पाहायचं, तो हवाला उघडायचा, त्याच्या मागचा शोधायचा. सात-आठ लेख पाहिल्यावर कळलं की ते एकमेकांचेच हवाले देत गोल फिरत आहेत. पहिला दुसऱ्याचा, दुसरा तिसऱ्याचा, आणि तिसरा परत पहिल्याचा. दहा ठिकाणी छापलं म्हणजे दहा पुरावे असं आपण धरून चालतो. पण दहांचा झरा एकच असेल तर पुरावाही एकच, आणि इथे तर झराच दिसत नव्हता.

त्या गोलातून बाहेर पडणारी एकच वाट मिळाली. 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय', संपादक मा. गो. माळी, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं प्रकाशन, पहिली आवृत्ती १९८८. त्यात सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. पहिलं १० ऑक्टोबर १८५६ चं. सावित्रीबाई आजारपणातून उठून माहेरी, नायगावला आहेत. पुण्यातलं काम आपल्या गैरहजेरीत फातिमावर पडलं असणार, तिला त्रास होत असणार, पण ती कुरकुर करणारी नाही, अशा अर्थाचं त्या लिहितात. उल्लेख एवढाच. पण १९८८ साली छापलेलं नाव २००६ नंतर कुणी रचलं असं म्हणता येत नाही. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं, आणि ते शोधयंत्रात नव्हतं, ग्रंथालयाच्या कपाटात होतं.

शोधयंत्रात का नव्हतं, हे समजून घ्यायला मला वेळ लागला. एम.एड., पीएच.डी. करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे जरूर वाचावं. पहिलं म्हणजे जुन्या मराठी पुस्तकांचं स्कॅनिंग झालं असलं तरी यंत्राला त्यातली अक्षरं नीट वाचता येत नाहीत. जोडाक्षर तुटतं, अनुस्वार गळतो, आणि पानावर डोळ्यांना दिसणारं नाव शोधात येत नाही. दुसरं म्हणजे पत्रात आडनाव नाही. 'फातिमा शेख' असे दोन शब्द टाकून बसलेल्याला ते पत्र दिसणार कसं? शोधताना माणसाला त्याच्या काळात ज्या नावाने हाक मारत त्या नावाने हाक मारावी लागते. म्हणून मी वहीत एक पान केलं: फातिमा, फातीमा, फातमा, फातेमा, शेख, शेक, शैख. इंग्रजीतही शेखचं स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी होतं. उर्दूत मात्र एकच, फे-अलिफ-तोय-मीम-हे. तिथे लेखणी एक आणि शोधाच्या खिडक्याच थोड्या, हे वेगळं दुखणं.

त्याहून मोठी चूक मी 'मुस्लिम शिक्षिका' हे शब्द शोधण्यात केली. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी सरकारी कागदांत आपण सहसा 'मुस्लिम' नसतो, 'महोमेडन' किंवा 'मुसलमान' असतो, आणि त्याचीही स्पेलिंगं निराळी. मराठी छापील मजकुरात 'मुसलमान' बरोबर 'यवन' हा शब्दही येतो. उर्दूला 'हिंदुस्थानी' म्हटलेलं असतं. पुणे 'पूना' असतं. आजचे शब्द घेऊन जुन्या दप्तरात शिरलं की दप्तर गप्प बसतं, आणि आपण समजतो की तिथे काही नाही.

तिसरी शिकवण खातं ओळखायची. मुंबई इलाख्यातल्या शिक्षणाचा कारभार १८४० पासून बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे होता, त्याचे वार्षिक अहवाल आहेत. १८५५ मध्ये डिपार्टमेंट ऑफ पब्लिक इन्स्ट्रक्शन आलं आणि अहवालांचं नाव बदललं. १८५६ च्या पत्रातल्या शिक्षिकेसाठी बोर्डाचेच अहवाल चाळत बसलं तर वर्ष वाया जाईल. मी दोन रविवार घालवले.

सूची नावाच्या कंटाळवाण्या दिसणाऱ्या पुस्तकांची मी आता मुरीद झाले आहे. शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' १८०० पासूनची मराठी पुस्तकं विषयवार मांडते. ब्लुमहार्टने १८९२ मध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी-गुजराती छापील पुस्तकांची यादी केली. दात्यांच्या सूचीतलं एक पान चाळायला मिनिट लागतं, आणि ते मिनिट शोधयंत्रावरच्या दोन तासांपेक्षा जास्त देतं, कारण आपण ज्याचं नावच ऐकलं नाही ते पुस्तकही तिथे शेजारी उभं असतं. मग नियतकालिकं. मुक्ता साळवे या मांग समाजातल्या विद्यार्थिनीचा निबंध आज आपण वाचतो, तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'ने छापला म्हणून. मिशनऱ्यांच्या पत्रात फुल्यांच्या शाळांच्या खुणा असतील हे ज्यांना सुचलं त्यांनाच असे कागद मिळतात. सरकारी दप्तराबाहेर त्या शाळांकडे पाहणारं आणखी कोण होतं, हा प्रश्न यंत्र आपल्याला विचारून देत नाही.

आता छायाचित्र. सावित्रीबाई, शेजारी एक स्त्री, पुढे दोन मुली. आपल्या भिंतींवर, पोस्टरांवर तेच आहे. त्याचा माग माळींनी प्रस्तावनेत दिला आहे. तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या पुण्याच्या 'मजूर' पत्राच्या वर्तुळापर्यंत जातो. पत्राइतका तो थेट नाही, मधले दुवे जास्त आहेत. माझ्या वहीत मी पत्रासमोर 'सहीह' आणि छायाचित्रासमोर 'हसन' लिहिलं आहे. ही माझी दर्जाबंदी, कुणी मोडून दाखवली तर बदलेन.

जन्मतारखेसमोर काय लिहायचं? २०२२ च्या ९ जानेवारीला गूगलने १९१ वी जयंती म्हणून डूडल केलं आणि तारीख पक्की झाल्यासारखी झाली. पण तिच्या मागे जाताना मला एकही समकालीन कागद लागला नाही. मोहल्ल्यात घरोघर फिरण्याचं वर्णन, दगड-शेणाचा मारा फातिमाबींवरही झाल्याचं वर्णन, हेही तसंच. हे मी लिहिलं तेव्हा आमच्यातल्याच एका कार्यकर्त्याने रागाने फोन केला. "मॅडम, ते लोक आपली बाई पुसायला निघालेत आणि तुम्ही त्यांना खडू देता?"

त्यांचा राग मला कळतो. आपल्या वाट्याला इतिहासात आधीच थोड्या बायका येतात. पण खडू मी दिला नाही, तो आपण सगळ्यांनी मिळून आधीच देऊन ठेवला होता. भर घातलेली एक गोष्ट खोटी निघाली की समोरचा खरं पत्रही त्याच टोपलीत टाकतो. पत्रकाराचा दावा दोन दिवस तरी चालला, तो आपल्या भाषणांत सनद नव्हती म्हणून. पत्रातली ती एवढीशी ओळ जर प्रत्येक भाषणात तारखेसह आणि पुस्तकाच्या नावासह आली असती, तर नववीतल्या मुलीनेच त्याला उत्तर दिलं असतं.

भाषण मी नव्याने लिहिलं. पूर्वी दोन पानांचं होतं, आता अर्ध्या पानाचं आहे. मुलींना ते आवडलं नाही, टाळ्यांच्या जागा गेल्या म्हणाल्या. मात्र ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिने पत्राची तारीख पाठ केली, आणि कार्यक्रमाच्या दिवशी ती माळींच्या पुस्तकाचा पान नंबरही सांगून मोकळी झाली.

शोधाची वही चालू आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी, कोणत्या स्पेलिंगने शोधलं आणि काय मिळालं नाही, तेही तिच्यात लिहिते, म्हणजे तीच विहीर परत उपसावी लागत नाही. पुढच्या पानावर १८५५ नंतरचे पब्लिक इन्स्ट्रक्शनचे अहवाल आहेत, समोर 'महोमेडन' या शब्दाची तीन स्पेलिंगं. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला जाईन. तुमच्यापैकी कुणाच्या घरी पुण्यातल्या जुन्या उर्दू शाळांचे हजेरीपट, निकाहनामे किंवा वक्फचे कागद असतील तर रद्दीत घालण्याआधी एकदा कळवा.