फँड्री : शाळेच्या दारातला इतिहास

मराठी पडद्यावर एखादा मुलगा वयात येतो, तेव्हा तो कोणाचा मुलगा आहे हे बहुधा सांगावे लागत नाही. घर, अंगण, देवघर, शाळा ही सारी त्याची म्हणून गृहीत धरलेली असतात. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली पडद्यावर आणलेला श्याम घ्या, किंवा २०११ सालच्या ‘शाळा’तला आणीबाणीच्या काळातला मुकुंद घ्या. त्यांची दुःखे खोटी नाहीत. परंतु वर्गात बसण्याच्या त्यांच्या हक्काबद्दल कोणाला शंका नसते. साने गुरुजींच्या १९३५ सालच्या ‘श्यामची आई’त एका म्हाताऱ्या महारणीची मोळी उचलून द्यायला आई श्यामला सांगते. खानदेशात, अमळनेरला शिक्षकी केलेल्या गुरुजींची ती करुणा प्रामाणिकच होती. पुढे १९४७ साली त्यांनी पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. तरीही त्या म्हातारीचा नातू कोणत्या शाळेत जात होता, हा प्रश्न त्या अनुभवविश्वात उगवत नाही. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ त्या नातवाच्या बाजूने सुरू होतो.

१४ फेब्रुवारी २०१४ रोजी हा चित्रपट महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मंजुळे यांना मिळाला आणि जब्याचे काम करणाऱ्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा. समीक्षकांनी त्याला कोवळ्या वयातल्या प्रेमाची कथा म्हटले. जब्याला वर्गातली शालू आवडते हे खरेच आहे. पण ही कथा केवळ प्रेमाची मानली, तर तिच्या तळाशी असलेला दीडशे वर्षांचा इतिहास हातून निसटतो. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला त्याविषयीच बोलायचे आहे.

जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. सरकारने तो नाकारला. एका मुलासाठी इतरांची शाळा ओस पडेल, ही त्यामागची भीती होती. १८५८ साली मात्र संपूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे सरकारला जाहीर करावे लागले. कागदावर दार उघडले. प्रत्यक्षात मुले कुठे बसली? बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसले. १९२९ साली तेच बाबासाहेब, सरकारी समितीचे सभासद व बॅरिस्टर, धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले, तेव्हा एकही टांगेवाला त्यांना बसवून न्यायला तयार झाला नाही. अखेर टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच माणसाने तो हाकला आणि अपघातात बाबासाहेबांचा पाय मोडला. शाळा शिकली, परदेशी पदव्या मिळवल्या, तरी गाव माणसाला त्याच्या जागी बसवू पाहते. ही घटना आपल्या खानदेशातली आहे, हे माझ्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी सांगतो.

जब्याचा बाप कचरू माने कैकाडी आहे. ही जात इंग्रजांच्या गुन्हेगार जमातींच्या यादीत होती. १८७१ च्या त्या कायद्याने जन्माबरोबरच माणसाच्या कपाळी गुन्हा लिहिला. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती झाल्या, हजेऱ्या लागल्या. देश स्वतंत्र झाल्यावरही हा कायदा जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. आजही हाच कैकाडी विदर्भातल्या जुन्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत मोडतो आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. जिल्ह्याची हद्द ओलांडली की सरकारी कागदावरचा माणूस बदलतो; गावाच्या नजरेतला बदलत नाही. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने १९८० साली हे जग प्रथम मराठी वाचकांपुढे ठेवले. ‘फँड्री’ने ते पडद्यावर आणले, आणि भाषेसकट आणले. जब्याच्या घरात कैकाडी बोलली जाते. शीर्षकाचा अर्थही डुक्कर असाच आहे.

आमच्या महाविद्यालयात हा चित्रपट दाखवला, तेव्हा ही गोष्ट मुलांनी सर्वांत आधी पकडली. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. वर्गात भिल्ल, पावरा, मावची, कोकणी मुले असतात. घरी एक बोली आणि फळ्यावर दुसरी, हे दुहेरी जिणे त्यांना समजावून द्यावे लागत नाही. यांच्या पूर्वजांनाही इंग्रजांनी आधी दरोडेखोर ठरवले आणि मग १८२५ साली औट्रमने भिल्ल पलटण उभी करून त्यांच्याच हाती बंदूक दिली. शिक्का मारणारा आणि शिक्का पुसणारा हात एकच होता. ज्याच्यावर शिक्का होता, त्याला कोणी विचारले नाही.

चित्रपटातल्या एका प्रसंगाशी मला थांबावेसे वाटते. जब्याचे कुटुंब डुकराच्या मागे धावत असते. तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. सारे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुक्कर निसटून जाते. प्रेक्षक हसतात. आमच्या गावात हसणे थोडे अवघड आहे. नंदुरबारच्या चौकात ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा झेंडा हाती घेऊन गोळीला सामोरा गेला, त्याचे चार सोबतीही गेले. शाळेत आम्ही दरवर्षी त्यांच्यासाठी ताठ उभे राहिलो आहोत. शिरीषकुमारने ज्या देशासाठी प्राण दिला, त्या देशाचे गीत ऐकून जब्याही उभा राहतो. फरक एवढाच की गीत संपल्यावर त्याला पुन्हा डुकरामागे धावायचे असते. पुढे मेलेले डुक्कर काठीला बांधून ही माणसे शाळेच्या भिंतीवरून जातात. भिंतीवर बाबासाहेबांचे, सावित्रीबाईंचे चित्र आहे. महापुरुष भिंतीवर पोहोचले. त्यांची मुले भिंतीबाहेरून ओझे वाहत जातात.

डुकरे धरताना जब्या वर्गमित्रांच्या नजरेपासून लपतो आणि बाप त्याला ओढून काढून मारतो. हा भाग मी दोनदा पाहू शकलो नाही. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. माझे आईवडील ऊसतोडीला बारडोलीकडे जात. नववीत असताना, गाठोडी घेऊन आम्ही रस्त्याला गाडीची वाट पाहत बसलो होतो. वर्गातली मुले समोरून येताना दिसली आणि मी गोधड्यांच्या ढिगामागे बसलो. वडिलांनी पाहिले. ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी मारले असते तर बरे झाले असते, असे मला अनेक वर्षे वाटत राहिले. श्रमाची लाज मुलाला जन्मतः नसते. ज्या वर्गात चोखोबांचा अभंग शिकवला जातो, त्याच वर्गात ती त्याला शिकवली जाते.

शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट आपल्या दिशेने येतो. त्या दगडावर पुष्कळ लिहिले गेले. पण चित्रपटाचे चित्रीकरण ज्या जिल्ह्यात, अकोळनेरला झाले, त्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातच, प्रदर्शनानंतर अडीच महिन्यांनी, २८ एप्रिल २०१४ रोजी खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलल्याचा राग हे त्याचे कारण सांगितले गेले. शाळेच्या आवारातूनच त्याला मारत नेल्याचा आरोप होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने नऊ आरोपींना निर्दोष सोडले. चित्रपटाला टाळ्या देणारा महाराष्ट्र आणि हा महाराष्ट्र वेगळे नाहीत.

चर्चेत मी मुलांना विचारले, दगड कोणाला लागला? विद्रोह, व्यवस्था, प्रेक्षक अशी अपेक्षित उत्तरे आली. मागच्या बाकावरच्या धडगावकडच्या एका मुलाने उलट मलाच विचारले, “सर, दुसऱ्या दिवशी जब्या शाळेत गेला असेल का?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. २०११ साली या जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. त्या आकड्याच्या आत असे कितीतरी दुसरे दिवस दडले आहेत. दगड उचलण्याचा इतिहास आपण लिहितो, लिहायलाही हवा. पण दगड फेकून झाल्यावर जब्याची वर्गातली जागा कोण राखून ठेवतो, याचा हिशेब आपणा शिक्षकांकडेच मागितला जाणार आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या निघतात, तेव्हा हजेरीपटावर कोणती नावे गळतात, हे पाहण्यापासून त्याची सुरुवात करता येईल.