मनःस्वास्थ्य, दैनंदिन (हैदराबाद)

झोप, हालचाल, सोबत, कामाच्या वेळा आणि गरज पडेल तेव्हा उपचार, या मार्गांनी माणसाने रोजच्या जगण्यात घ्यायची मनाची काळजी. आजार नाही म्हणजे मनःस्वास्थ्य आहेच असे नव्हे. उलट आजार असलेल्यालाही ते राखता येते. हैदराबादेत या विषयाचा मधला पट्टाच बोलण्यात सापडत नाही. किरकोळ घालमेल असेल तर 'टेन्शन नक्को लो', आणि त्यापुढे गेले की थेट 'एर्रागड्डा'.

एर्रागड्डा ही शहराच्या वायव्येकडची वस्ती. तिथल्या सरकारी मनोरुग्णालयामुळे (आता इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ) तिचे नाव टवाळीचे झाले, जसे पुण्यात येरवड्याचे आणि मुंबईकडे ठाण्याचे. निजामी राज्याचे हे रुग्णालय पूर्वी मराठवाड्यात, जालन्याला होते आणि १९५३ मध्ये इकडे हलले, हे मराठी माणसालाही सहसा ठाऊक नसते. आज मेट्रोच्या तांबड्या मार्गावर एर्रागड्डा हे स्थानक आहे, आणि 'उतर, तुझं स्टेशन आलं' हा विनोदही ठरलेला. त्याची किंमत मोजावी लागते. मानसिक तक्रारी असलेल्या बहुतेकांना भरती व्हावे लागत नाही, बाह्यरुग्ण विभागातच भागते. पण नावाच्या धास्तीने लोक महिनोन्‌महिने दार ओलांडत नाहीत. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली, तेव्हा १०.६ टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि त्यांतले बहुसंख्य उपचाराविना होते. त्या १२ राज्यांत तेलंगण नव्हते आणि महाराष्ट्रही नव्हता, त्यामुळे इथे हा आकडा अंदाजापुरताच घ्यावा.

या शहरात सगळ्यात आधी बिघडते ती झोप. १९९८ मध्ये माधापूरला सायबर टॉवर्सची इमारत उभी राहिली आणि पुढे हायटेक सिटी, गच्चीबावलीपर्यंत अमेरिकेच्या घड्याळावर चालणारी कार्यालये पसरली. रात्रपाळी संपवून पहाटे कॅबमधून उतरायचे, कोपऱ्यावर इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटे घ्यायची, मग घरी जाऊन आडवे व्हायचे, हा अनेकांचा शिरस्ता. चहाची ही वेळ नेमकी चुकीची. त्यातल्या कॅफिनपैकी निम्मे पाचेक तासांनंतरही अंगात असते, म्हणून तो पाळीच्या पूर्वार्धात प्यावा. घरी येताना काळा चष्मा, खोलीला जाड पडदे, आणि सुट्टीच्या दिवशीही झोपेची वेळ फार न हलवणे, एवढ्यानेही फरक पडतो. झोप लागावी म्हणून दारूचा पेग घेतला की झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री तुटते. द्विध्रुवी विकार असलेल्यांनी जागरणाला विशेष जपावे. सलग काही रात्री झोप बुडाली तर उन्मादाचा झटका येऊ शकतो. अशांनी रात्रपाळी टाळावी, आणि तसे डॉक्टरांकडून लिहून घेण्यात काही कमीपणा नाही.

हालचालीसाठी शहरात जागा आहेत: केबीआर उद्यान, इंदिरा पार्क, हुसेन सागरच्या कडेचा नेकलेस रोड. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. मे महिन्यात तो उन्हे चढण्याआधी उरकावा.

सोबतीच्या बाबतीत इथल्या मराठी माणसांत सरळ दोन तऱ्हा दिसतात. काचीगुडा, सुलतान बाजार, इसामिया बाजार या जुन्या भागांतल्या घरांना विवेकवर्धिनी शाळा, मराठी ग्रंथसंग्रहालय, 'पंचधारा' हे त्रैमासिक काढणारी मराठी साहित्य परिषद यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार आहे. नोकरीसाठी कोंडापूर-गच्चीबावलीच्या उंच इमारतींत उतरलेल्या जोडप्यांना तो नाही, आणि त्या जुन्या भागांकडची वाट रहदारीत तास खाते. गणपतीतली एक संध्याकाळ किंवा व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप ही उणीव भरून काढत नाही. महिन्यातून एकदा झडणाऱ्या मैफलीपेक्षा आठवड्याची ठरलेली साधी भेट जास्त कामाची.

औषधे चालू असणाऱ्यांनी उन्हाळा आणि उपवास यांकडे लक्ष द्यावे. द्विध्रुवी विकारावरचे लिथियम घेणाऱ्याच्या अंगातले पाणी कमी झाले की रक्तातली त्याची मात्रा वाढते. हात थरथरणे, उलट्या, तोल जाणे ही विषबाधेची लक्षणे. म्हणून रोजे किंवा निर्जळी एकादशी धरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, गोळ्या परस्पर मागेपुढे करू नयेत. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. पहिल्या आठवड्यात काही होत नाही म्हणून त्या सोडून देणे ही नेहमीची चूक.

उदासी, चिडचिड किंवा कशातच गोडी न वाटणे दोन आठवड्यांहून जास्त टिकले, कामधाम, जेवणखाण अडू लागले, की ते 'टेन्शन' राहत नाही. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालते आणि तिच्या भाषांत मराठीही आहे. रडू यायच्या बेतात असलेल्या माणसाला इंग्रजीत शब्द जुळवायला लावणे क्रूरपणाच आहे, म्हणून ही सोय मोलाची. हैदराबादेत 'रोशनी' ही स्वयंसेवकांची संस्थाही दूरध्वनीवर ऐकून घेण्याचे काम करते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून वाचवले. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरावे असेही त्यात आहे. मात्र बऱ्याच पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात. बाहेरून घेतलेल्या समुपदेशनाची फी खिशातूनच जाते.